उपकारस्तुतीची कुळकथा

करी रोड स्टेशन आलं की डब्यातली उद्घोषणा एका माणसाचं नाव घेते. चार्ल्स करी हे एकोणिसाव्या शतकातले बीबीसीआय रेल्वेचे अधिकारी. त्यांचं नाव रोज हजारोंच्या तोंडी येतं. माणूस मात्र कुणाला आठवत नाही. मराठी ख्रिस्ती घरातल्या प्रार्थनेत याच्या उलट घडतं. आधी माणूस आठवतो, मग देवापुढे त्याचं नाव निघतं: फी भरणारा मामा, आजारपणात रात्रभर उशाशी बसलेली शेजारीण, आणि जेवायला बसताना, ज्या हातांनी रांधलं ते हात. यासाठी मंडळीत एक शब्द रुळला आहे, उपकारस्तुती.

या रिवाजाचं मूळ पत्रलेखनात सापडतं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ग्रीक पत्रात आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचं, मग नमस्कार, आणि पुष्कळदा देवाचे आभार असत. इजिप्तमधला एपियन नावाचा तरुण रोमन आरमारात भरती झाला. इटलीला पोहोचल्यावर त्याने वडिलांना पत्र लिहिलं आणि समुद्रातल्या संकटातून वाचवल्याबद्दल सेरापिस देवाचे आभार मानले. ते पत्र आजही उपलब्ध आहे. हे आभार स्वतःच्या जिवासाठी होते.

ख्रिस्ती प्रेषित पौलाने हाच साचा घेतला आणि आत दुसरंच भरलं. इ.स. ५०च्या सुमारास त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं, ते पत्र वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानूनच सुरू होतं. फिलिप्पैच्या लोकांना त्याने तुरुंगातून लिहिलं, तिथेही आधी त्यांची आठवण आणि आभार. करिंथकर आपसांत भांडत होते, एकमेकांना कोर्टात खेचत होते. त्यांना खडसावण्याआधीही त्याने त्यांच्याबद्दल आभारच मानले. गलतीकरांच्या पत्रात मात्र ही ओळ नाही, तिथे तो थेट रागावतो. म्हणजे आभार ही नुसती रीत नव्हती. मनात असेल तरच ते लिहिले जात. पुढे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात विनंती आणि मध्यस्थीच्या जोडीने उपकारस्तुतीही सर्व माणसांसाठी करायला सांगितलं.

१८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले आणि १८२६ मध्ये इथे मराठी नवा करार छापून निघाला. मराठी बायबलात रुजलेला ‘उपकारस्तुती’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्या बोलण्यात उपकाराचं ओझं होतं, ते फेडावं लागतं, नाही फेडलं तर मान खाली जाते. या शब्दात उपकाराला स्तुती जोडली गेली आणि ओझं उतरलं. शेजारणीचे उपकार फेडता येत नाहीत. पण तिचं नाव घेऊन देवाची स्तुती करता येते, आणि तसं केलं की तिच्यासमोर मान खाली घालावीशी वाटत नाही.

‘सर्व माणसांसाठी’ म्हणजे किती दूरवर, ते करी रोडहून परळला चालत गेलं की कळतं. १८९७च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली; त्या जागी पोर्तुगीज काळात ख्रिस्ती प्रार्थनास्थळ होतं. हाफकिन ज्यू होते. गिरणगावातली कितीतरी घरं त्यांची ऋणी आहेत. आज संध्याकाळी नावं घेताना त्यांचंही घेऊ या.