न कुजलेल्या देहाची दोन घराणी

संत कोणाला म्हणायचं याचे निकष सांगणाऱ्या लॅटिन ग्रंथात रक्त पिणाऱ्या मुडद्यांचं काय काम? पण ते तिथे आहेत. प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी या कार्डिनलनी हा ग्रंथ 1734 ते 1738 या काळात छापला. 1740 मध्ये ते चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी व्हॅम्पायरांचाही समाचार घेतला. हे सगळे मनाचे खेळ, असा त्यांचा निकाल. मला निकालापेक्षा जागा महत्त्वाची वाटते. ड्रॅक्युलाचं कूळ शोधणारे थेट ट्रान्सिल्व्हेनियाच्या किल्ल्यात शिरतात. माझं म्हणणं असं की हे मूळ संतांच्या शवपेटीपाशी शोधावं.

गोव्याची पेटी घ्या. संत फ्रान्सिस झेवियर 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. मांस लवकर झडावं आणि हाडं नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. फेब्रुवारीत उघडून पाहिलं तर देह ताजा. कापल्यावर रक्तही आलं, असं तेव्हाचे वृत्तांत सांगतात. आता दुसरी पेटी. जानेवारी 1732 मध्ये योहान फ्ल्युकिंगर या ऑस्ट्रियन लष्करी शल्यविशारदाने सर्बियातल्या मेद्वेजा गावची थडगी उकरून अहवाल लिहिला : देह न कुजलेले, रक्त न गोठलेलं, जुनी नखं गळून नवी आलेली. लक्षणं बरीचशी तीच. पण 1554 मध्ये झेवियरांचा देह गोव्यात आला तेव्हा घंटा वाजल्या, आणि मेद्वेजात मुंडकी छाटून प्रेतं जाळली, राख नदीत टाकली. हा फरक शरीरशास्त्राचा नव्हे, धर्मशास्त्राचा. कॅथलिकांना न कुजणं ही पावित्र्याची खूण वाटे. सर्बियाचा धर्म ज्या वळणाचा, त्या पूर्वेकडच्या ग्रीक चर्चच्या परंपरेत मात्र बहिष्कृताच्या देहाची माती होत नाही. धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारले की होते. म्हणजे पाप आणि उद्धार हा मामला या मुडद्याला कादंबरीकारांनी मागाहून चिकटवलेला नाही, तो जन्मजात आहे. हे दोन अर्थ ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर एकमेकांना भिडले आणि त्या घर्षणातून युरोपचा व्हॅम्पायर निघाला, असा माझा कयास.

आपल्याकडे एक लाडका सिद्धांत आहे : ड्रॅक्युला म्हणजे आपला वेताळच. मुंबईच्या लष्करात नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळकथा इंग्रजीत नेल्या आणि शीर्षकात वेताळाला चक्क ‘व्हॅम्पायर’ केलं. ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर बर्टनला भेटला होता. 1906 च्या आठवणींत त्याने बर्टनच्या सुळ्याचं वर्णनही केलंय. पुरावा मोहक आहे, पण त्यातून फार तर सुळा सिद्ध होतो. वेताळ परक्या प्रेतात शिरतो, कोडी घालतो आणि शेवटी कपटी योग्यापासून विक्रमाला वाचवतो. कोकण-गोव्यात तर तो गावाची राखण करतो. राखणदाराला कसला उद्धार?

यावर कोणी आळंदीकडे बोट दाखवील. ज्ञानेश्वरांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली म्हणून एकनाथ समाधीत उतरले, ही कथा आपलीच. मग न कुजलेला देह असूनही मराठीत व्हॅम्पायर का नाही? कारण समाधी मिळते ती संन्याशाला, योग्याला. गावच्या दुष्ट सावकाराला बहुधा अग्नीच मिळतो. त्याचा देह कुजला की नाही, हा प्रश्नच उरत नाही. म्हणून आपला मुंजा पिंपळावर बसतो, समंध वाड्यात फिरतो, पण थडग्यातून कोणी उठत नाही.

याहून अवघड आक्षेप मुंबईतल्या कांजूरमार्गचा. ते ज्या साष्टी बेटावर आहे, ते 1534 ते 1737 पोर्तुगिजांकडे होतं. कांजूरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे स्थानिक कॅथलिकांच्या, गावठाणातली माणसं बोलतात मराठी वळणाचं, पण मृतांना पुरतात. देहाच्या पुनरुत्थानावर त्यांची श्रद्धा आहे. 2 नोव्हेंबरला अशा वस्त्यांत कबरी झाडून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, फादर आशीर्वाद देतात. माझ्या हिशोबाने इथे व्हॅम्पायर उगवायलाच हवा होता. रुजला मात्र नाही. माझं उत्तर हे : इथे ख्रिस्ती धर्म आला तो रोमचा. त्यात मेलेल्या पापी जिवाला शुद्धिस्थानात जागा आहे, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने त्याची सुटका होते. व्हॅम्पायर व्हायला अडकावा लागतो तो देह, आणि शुद्धिस्थानात अडकतो फक्त आत्मा. शिवाय इथल्या पावसाळी जमिनीत देह ताजा राहणं कठीणच.

मधले टप्पे सर्वांना माहीत आहेत : 1819 मध्ये पॉलिडोरीची व्हॅम्पायर-कथा, 1872 मध्ये ‘कार्मिला’. स्टोकरने 1897 मध्ये ‘ड्रॅक्युला’ लिहून धर्मशास्त्राचं जुनं देणं फेडलं. तो आयरिश प्रोटेस्टंट. तरी काउंटशी लढणाऱ्या व्हॅन हेलसिंगच्या हाती त्याने कॅथलिकांचा पवित्र ऑस्तिया, म्हणजे मिस्सेतली भाकर, दिला. तो कपाळाला लागताच नायिका मिनाची कातडी जळते, आणि काउंट मरताच डाग नाहीसा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या क्षणी काउंटच्या चेहऱ्यावर शांती उमटते आणि देहाची धूळ होते. ग्रीक धर्मगुरूच्या क्षमेनंतर व्हायचं ते हेच, फक्त इथे काम सुऱ्याने केलं.

नारायण धारपांनी ‘लुचाई’ ही कादंबरी रचली ती स्टीफन किंगच्या 1975 च्या ‘सेलम्स लॉट’वर. किंगच्या कादंबरीत फादर कॅलहनच्या हातातला क्रूस श्रद्धा डळमळताच विझतो. क्रूस आपल्याला परका, पण हा नियम परका नाही : साधनेवाचून मंत्र कोरडा, हे मराठी वाचकाला कोणी शिकवावं लागत नाही. मला वाटतं, व्हॅम्पायर मराठीत शिरला तो या दारातून, वेताळाच्या ओळखीने नव्हे.