भिंतीविना तुरुंग : स्वतंत्रपूरचा धडा

सातारा आणि सांगली म्हटले की प्रतिसरकारचा रोमहर्षक इतिहास आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच मातीत, त्याच काळात, एक शांत प्रयोगही झाला आणि त्याची आठवण आज पुन्हा जागवावीशी वाटते.

औंध हे अवघ्या ७२ गावांचे छोटे संस्थान. राजधानी औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी आजच्या सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला. त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ वसले. पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांची ही कल्पना. गुन्हेगारांना कोंडून न ठेवता मोकळ्या जमिनीवर वसवावे, त्यांनी शेती करावी, बायकामुलांसह राहावे, असा हा तुरुंग. त्याला भिंत नव्हती.

मुंबई सरकारनेही तरुण गुन्हेगारांचा विचार केला नव्हता असे नाही. १६ ते २१ वर्षांच्या अपराध्यांसाठी १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा झाला होता. सुधारणेचा हेतू तेथेही होता. पण ती सुधारणा बंदिवासात घडवायची होती. औंधाने विश्वास आधी ठेवला आणि सुधारणेची वाट नंतर पाहिली.

या विश्वासाला संस्थानात पूर्वपीठिका होती. १९१० मध्ये याच राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभारली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रपाळीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून गावाने दारे लावून घ्यावीत, त्यांच्याच हाती वसाहतीची राखण दिली.

१९४८ मध्ये औंध विलीन झाले. स्वतंत्रपूर मात्र टिकले. जवळच्या माडगूळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ मध्ये निघाला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपण टाळ्या वाजविल्या. धडा मात्र अर्धाच गिरविला.

कारण खुल्या कारागृहाचे दार उघडते ते शिक्षा झालेल्या व चांगल्या वर्तणुकीवरून निवडलेल्या कैद्यासाठी. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. अठरा वर्षे पूर्ण होताच मुलगा बालन्यायाच्या छत्राबाहेर पडतो आणि सराईतांच्या बराकीत जाऊन बसतो. तेथे तो जे शिकतो, ते पुसायला पुढे आयुष्य अपुरे पडते.

कायदा मात्र इतका निष्ठुर नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेला तरुण एकवीस वर्षांखालील असेल, तर न्यायालयाने त्याला सहसा तुरुंगात धाडू नये. धाडलेच तर कारणे नोंदवावीत. त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. परंतु चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडताना न्यायालय एक गोष्ट पाहते : या मुलाला, किंवा त्याच्या हमीदाराला, त्या परिसरात कायमचे घर अथवा नियमित कामधंदा आहे काय?

सुज्ञ वाचकहो, सारा प्रश्न येथे येऊन थांबतो. ज्याचे आईबाप उसाच्या फडामागे गावोगाव फिरतात, त्याने कायमचा पत्ता कोणता सांगावा? त्याच्यासाठी हमी कोणी द्यावी? बंदिवानाला भेटणे हे दयेचे कृत्य म्हणून आपण धर्मशिक्षणात शिकलो. पण भेट घेऊन परतणे सोपे असते. ‘हा माझ्या शेतावर, माझ्या कारखान्यात काम करील’ असे न्यायालयापुढे सांगणे कठीण असते.

स्वतंत्रपुरासाठी एका राजाने जमीन दिली. आपल्यापाशी संस्थान नाही. पण घराचा पत्ता आहे, कुणापाशी कामही आहे. एखाद्या तरुणाला तुरुंगापासून वाचवायला कधी कधी तेवढे पुरते.