विज्ञान आणि कायदा: ही वाटणी मान्य नाही

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावातून कुणी बी.एस्सी. होऊन पर्यावरणात पुढे शिकायचं म्हटलं, की सल्ला ठरलेला असतो: एम.एस्सी. कर, नाहीतर एलएल.बी. करून वकिली कर; दोन्हींची खिचडी नको. विज्ञान आणि कायदा एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणजे ना धड शास्त्रज्ञ, ना धड वकील, हे मत प्राध्यापकांतही रूढ आहे.

या पूर्वपक्षात बळ आहे, ते आधी मांडतो. अशा पदवीने सनद मिळत नाही, त्यासाठी एलएल.बी.च लागते. तज्ज्ञाचं मत पुराव्यात घेण्याची सोय कायद्यात पूर्वीपासून आहे. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण उभं केलं, तेव्हाही न्यायिक सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य वेगळेच ठेवले. मग कायद्यानेच वाटणी केलेली असताना अभ्यासक्रमाने ती का मोडावी?

कारण ती वाटणी न्यायपीठावरची आहे. पीठासमोर जे येतं, ते मात्र नाल्याच्या काठी तयार होतं, आणि तिथे दोघे हजर नसतात.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेतो, तेव्हा त्याने तिथल्या तिथे नोटीस द्यायची, मालक किंवा त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. मालक मुद्दाम गैरहजर राहिला किंवा त्याने भाग करायला सांगितलं नाही, तर काय करायचं तेही कलमात आहे. ही रीत चुकली तर पृथक्करणाचा निकाल पुराव्यात चालत नाही, मग प्रयोगशाळेने बीओडी (पाण्याची जैविक प्राणवायू मागणी) कितीही अचूक मोजलेला असो. उलटही तितकंच खरं. कागद बिनचूक आहेत, पण विरघळलेल्या प्राणवायूची बाटली भरताना आत बुडबुडा राहिला आणि रसायनं घालून प्राणवायू जागेवरच बांधून घेतला नाही, तर सीलबंद बाटलीतला आकडाही खोटाच.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. ही पुराव्याची अट सांडपाण्याच्या नमुन्याला आहे, नदीच्या पाण्याच्या नमुन्याला नाही. पण नदीचा नमुना पाणी बिघडल्याचं सांगतो, कुणी बिघडवलं ते सांगत नाही. यशोदेचं किंवा वणेचं पाणी काळं पडलं म्हणून गावकरी बाटली भरून नेतात. त्या बाटलीला कलम २१ चं वजन नसतं. मंडळाकडे कुठल्या जागेचा नमुना मागायचा आणि स्वतः फिर्याद करायची तर ६० दिवसांची नोटीस आधी द्यायची, हे त्यांना कोण सांगणार? वकिलाला पाण्याचा प्रवाह कळत नाही, रसायनवाल्याला कलम ठाऊक नसतं. दोघांच्या मधल्या या फटीतूनच प्रकरणं निसटतात, असं माझं ठाम मत आहे.

मुदतींचंही तेच. हरित न्यायाधिकरणाकडे वाद न्यायचा तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई मागायची तर पाच वर्षं. उशिराचं कारण पटलं तर वर ६० दिवस. सांडपाण्याने शेताची माती खारवली, तर ती एका हंगामात दिसेल असं नाही. कारण ‘प्रथम’ कधी घडलं, हा मृदाशास्त्राचा प्रश्न आहे आणि मुदतीच्या कायद्याचाही.

‘हा तुमचा आग्रह आहे, न्यायालयांना अडचण नाही,’ असंही म्हणतात. न्यायालयांनीच अडचण बोलून दाखवली आहे. हैदराबादच्या हिमायतसागर आणि उस्मानसागर या पिण्याच्या पाण्याच्या तलावांजवळ कारखान्याला परवानगी द्यावी का, या नायडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शास्त्रीय अनिश्चिततेची कोंडी उघड मांडली आणि न्यायाधीशांच्या जोडीला शास्त्रज्ञ हवेत असं सुचवलं. पुढे २००३ चा विधी आयोगाचा १८६ वा अहवाल आणि मग हरित न्यायाधिकरण, ही त्याच विचाराची वाट.

आपल्या वर्धा जिल्ह्याला जवळचा विषय रेतीघाटांचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. २०१६ पासून या मंजुरीसाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल आला. पावसाळ्याने नदीत किती रेती परत आणून टाकली, याचा अभ्यास नसेल तर असा अहवाल टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे नदीचा गाळ मोजणं ही आता कायदेशीर अट आहे. घाटाच्या लिलावावर हरकत घ्यायला निघालेल्या ग्रामसभेला पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे पात्राचे छेद वाचता आले पाहिजेत, आणि ते कुठल्या टेबलावर ठेवायचे तेही.

अर्थात, एम.एस्सी.च्या शेवटी ‘पर्यावरण कायदे’ नावाचा एक पेपर चिकटवून कायद्यांची वर्षं पाठ करून घेणं, याला मी संयुक्त अभ्यास म्हणत नाही. तसल्या अभ्यासक्रमावर खिचडीचा आरोप झाला तर तो मीही करीन. नागपुरात १९५८ साली स्थापन झालेली पर्यावरण संशोधन संस्था नीरी आहे, विद्यापीठ आहे, महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. या तिघांनी मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखावा, आणि त्याच्या पहिल्याच सत्रात विद्यार्थ्यांनी वर्ध्याचा जिल्हा सर्वेक्षण अहवाल घेऊन घाटावर उतरावं, पात्राचे छेद स्वतः मोजावेत आणि त्यांवरून हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे टिकेल असा अर्ज लिहून दाखवावा.