‘ओरडायचं की!’

लोकलमध्ये किंवा एसटीत कुणी अंगचटीला आल्याचं मुलीने घरी सांगितलं, की हळहळीच्या पाठोपाठ वाक्य येतंच: ‘मग ओरडायचं की! एक सणसणीत ठेवून द्यायची.’ हे दरवेळी दुष्टपणातून येत नाही, म्हणून पूर्वपक्ष आधी नीट मांडू. गर्दीत हात घालणारा भित्रा असतो, आवाज चढला की पळतो. बाई गप्प राहिली तर त्याचं फावतं. आणि ‘शरीर गोठतं’ असं मुलींना सांगत बसलो तर त्यांना दुबळेपणाच शिकवू.

यातलं पहिलं बऱ्याचदा खरं आहे. चूक आहे ती गृहीतकात, की ओरडणं त्या क्षणी तिच्या हातात असतं.

धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने १९१५च्या पुस्तकात मांडलं आणि लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पण प्राणी बहुधा आधी थबकतो. ठोके मंदावतात, स्नायू ताठरतात. मेंदूच्या खोलातली यंत्रणा हे घडवते, विचाराला न विचारता. ताण फार वाढला तर सारासार विचार करणारा कपाळामागचा भागच ढिला पडतो. येल विद्यापीठातल्या अ‍ॅमी आर्नस्टेन यांचं संशोधन याचंच. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचाराला आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी अत्याचार चालू असताना शरीर लक्षणीय प्रमाणात निश्चल झाल्याचं सांगितलं (२०१७). अर्थात हा आकडा बसमधल्या स्पर्शाला जसाच्या तसा लावता येणार नाही. आपल्या सोयीचा असला तरी आकडा ताणू नये.

शिवाय बसमध्ये आणखी एक अडचण असते, शंकेची. ब्रेक लागला म्हणून हात लागला, की मुद्दाम? कोपर आहे की पिशवी? खात्री पटेपर्यंत दादर येतं आणि तो उतरून जातो. खात्री पटलीच, तर ‘एवढं सोवळं असेल तर रिक्षाने जायचं’ हा शेरा तिने पूर्वी ऐकलेला असतो. म्हणजे काही जणींचं गप्प राहणं हे गोठणं नसतं, विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. दोन्हींची सरमिसळ करू नये. पण त्यातलं एकही संमती नव्हे.

गप्प राहणं आणि संमती यांतला फरक न कळल्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने निमूट सोसणं आणि संमती वेगळी मानून पोलिसांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, हाकाटी नाही, याला वजन देऊन त्यांना सोडलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९मध्ये या निकालाविरुद्ध खुलं पत्र लिहिलं. आंदोलन पेटलं, १९८३मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून बलात्कारात संमती धरता येणार नाही, हे बलात्काराच्या कलमात स्पष्टपणे यायला मात्र २०१३ उजाडलं.

उरला दुबळेपणाचा आक्षेप. कराटे जरूर शिकवा. सरावाने काहींना आवाज फुटतोही. पण ज्यांना फुटत नाही त्यांचं काय? टोकियोच्या पोलिसांनी मोबाइल अ‍ॅप काढलं: बटण दाबलं की फोनच ‘थांबवा’ म्हणून ओरडतो, किंवा छेडछाड होत असल्याचा मजकूर शेजाऱ्याला दाखवता येतो. बाईचा आवाज बसू शकतो, हे मान्य करूनच ही सोय झाली. यात दुबळेपणा कुठे शिकवला?

ओरडण्याचं काम शेजारच्या सीटवरच्या माणसालाही करता येतं. त्याचं शरीर सहसा गोठलेलं नसतं. कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवावी. रेल्वेत १३९, इतरत्र ११२ वर फोन करावा. आणि उतरल्यावर, दुसऱ्या दिवशीसुद्धा, तक्रार देता येते: भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली विनयभंगाला एक ते पाच वर्षं कैद आहे, आणि ‘आमची हद्द नाही’ म्हणून कुठलंही पोलीस ठाणं परत पाठवू शकत नाही.