शुक्रवारचे व्रत

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची फत्तेपूर सिक्रीची वारी सहसा चुकत नाही. गावाकडून पाहुणे आले की आम्ही त्यांना बुलंद दरवाजा दाखवतो, शेख सलीम चिश्तींच्या दर्ग्याची संगमरवरी जाळी दाखवतो. परंतु ज्या काळजीपोटी बादशहाची पावले या गावाकडे वळली, ती कोणाच्या ध्यानी येत नाही.

१५६४ साली अकबरास जुळे पुत्र झाले. हसन आणि हुसेन अशी त्यांची नावे ठेवली; सुमारे महिनाभरात दोघेही गेले. पुढे पंचविशी उलटली तरी बादशहास वारस नव्हता. अशा वेळी आंबेरच्या राजा भारमलाची कन्या गर्भवती झाली, तेव्हा बादशहाने तिला आग्र्याहून सिक्रीस, शेख सलीमांच्या आश्रयास पाठविले.

या गर्भारपणातील एक प्रसंग जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविला आहे. एके दिवशी पोटातील मुलाची नेहमीची हालचाल जाणवेना. दासदासी घाबरल्या, वर्दी बादशहाकडे गेली. त्या दिवसांत त्याला चित्त्यांकरवी शिकार करण्याचा मोठा नाद होता. तो दिवस शुक्रवार होता. मूल वाचावे म्हणून त्याने नवस केला, की यापुढे शुक्रवारी चित्त्यांची शिकार करणार नाही. ते व्रत त्याने जन्मभर पाळले आणि पुत्रानेही पुढे चालविले, असे जहांगीर लिहितो.

या नवसास भाबडेपणा म्हणणे सोपे आहे. पण त्या घडीला दुसरे करण्यासारखे काय होते? हकिमास मातेची नाडी पाहता येई. उदरातील जिवाची नाडी त्याच्या बोटांस लागत नव्हती. ज्या घरातील पाळणा एकदा रिकामा झाला आहे, तेथे अशा वेळी स्वस्थ बसणे हीच सर्वांत कठीण गोष्ट असते. बादशहाने आपल्या हाती होते तेवढे सोडून दिले.

ऑगस्ट १५६९ च्या अखेरीस सिक्रीस मूल सुखरूप जन्मले. शेखांच्या नावावरून त्याचे नाव सलीम ठेविले. १५७० च्या आरंभी बादशहा आग्र्याहून अजमेरपर्यंत पायी गेला आणि परतताना दिल्लीस येऊन पित्याच्या, हुमायूनच्या कबरीचे दर्शन घेता झाला.

पुढे गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात युरोपात रुजली. दिल्लीत स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी लेडी हार्डिंज महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी गर्भाचे चित्र काढण्याची रीत जगापुढे मांडली. आज हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर नवस बोलत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे, असे डॉक्टर सांगतात, आणि तेच योग्य होय. तरीही तपासणीचा कागद त्या घटकेपुरता दिलासा देतो. पुढच्या रात्रीची हमी देत नाही. माहेरापासून हजार मैलांवर, सरकारी क्वार्टरच्या एका खोलीत ती रात्र काढणाऱ्या स्त्रीस हे कोणी सांगावयास नको.

आणि एक गोष्ट साडेचार शतकांत बदललेली नाही. पहिली वर्दी यंत्र देत नाही, माताच देते. जहांगीराच्या त्या आठवणीत बादशहाचा नवस आहे, दासदासींची धावपळ आहे, पुत्राची पितृभक्ती आहे. त्या शुक्रवारी जिला प्रथम ती शांतता जाणवली, तिचा मात्र एक शब्दही तेथे नाही. आपल्या घरी तरी ‘आज काहीतरी वेगळे वाटते’ असे कोणी म्हटले, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून तिला गप्प करू नये. तो शब्द ऐकून आधी उठावे.