व्यवसाय-सातत्य नियोजन आणि सायबर जोखीम
व्यवसाय-सातत्य नियोजन म्हणजे आपत्तीतही संस्थेची अत्यावश्यक कामे चालू ठेवण्याची किंवा ठरलेल्या मुदतीत पूर्ववत करण्याची पूर्वतयारी. आग, पूर यांसारख्या स्थानिक संकटांसाठी आखलेल्या जुन्या योजनांत माहितीची प्रत दूरच्या केंद्रात ठेवली की भागत असे. सायबर हल्ला मात्र ही दोन्ही केंद्रे जोडणाऱ्या जाळ्यातूनच राखीव यंत्रणेतही शिरू शकतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रणालीने मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचे संगणक-जाळे ठप्प केले, तेव्हा न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांची ओळख पडताळणाऱ्या कंपनीच्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरांतील माहिती परस्परांशी जुळवून प्रत्येक सर्व्हर इतरांची राखीव प्रत मानला होता; पण हल्ल्यात ते जवळपास सगळे एकदमच नष्ट झाले. घानातील एकच सर्व्हर वीज गेल्यामुळे जाळ्याबाहेर राहून वाचला आणि त्याच्या आधारे पुनर्उभारणी शक्य झाली. तो निव्वळ योगायोग होता, नियोजन नव्हे. म्हणूनच आधुनिक योजनेत जाळ्यापासून तोडलेली, बदलता न येणारी प्रत राखणे, ती कोऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहणे आणि संगणकाविना कागदावर काम चालवण्याचा सराव करणे अनिवार्य मानावे लागते. अशा योजनेत घटना वेळेत कळवण्याची तरतूदही हवी; भारतात विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या शासकीय यंत्रणेस कळवणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.