ओली फळी, लंगडा घोडा आणि साडेसात लाखांची गाडी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नेरळ-कळंब रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर मी गाडी बघायला गेलो होतो. टेम्पो ट्रॅव्हलर, पण आतल्या सीटा काढून तिचं घर केलेलं. मागे पलंग, मधे ओटा आणि सिंक, कोपऱ्यात कमोड, टपावर सोलर पॅनल. किंमत साडेसात लाख. निम्मे मी आणि निम्मे मेहुणा घालणार होतो. अम्मीचे गुडघे गेलेत, तिला श्रीवर्धनला बहिणीकडे न्यायचं तर वाटेत कमोड आणि आडवं व्हायला जागा लागते. म्हणून हा खटाटोप.

मालक मुंबईचे गृहस्थ, बोलायला गोड. “सर, एकदम घरची गाडी आहे,” म्हणाले. ते चहा सांगायला आत गेले तेवढ्यात मी पलंगाखालच्या फळीमागे हात घातला. बोटं ओली झाली. ते परत आल्यावर विचारलं, तर म्हणाले, “यंदा पाऊस कसला झाला, सर!”

हे वाचताना तुमच्यापैकी अनेकांना जे आठवलं असेल तेच मला तिथे आठवलं. मदिनेच्या बाजारात पैगंबरसाहेबांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटं ओली झाली. विक्रेत्याने सांगितलं की पाऊस लागला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि फसवणारा आपल्यातला नाही असं बजावलं. सहीह मुस्लिममधली ही हदीस जुम्म्याच्या बयानात आपण शेकडो वेळा ऐकली आहे. माझ्या लक्षात तिथे आलं ते असं, की त्या विक्रेत्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. विचारल्यावर तर त्याने खरं कारण दिलं. त्याचा दोष इतकाच की विचारेपर्यंत तो गप्प राहिला.

हे गप्प राहणं गुन्हा आहे का, यावर आपल्या मुलखात दोन कायदे होऊन गेले, आणि हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही.

इस्लामी कायद्यात विकलेल्या मालात लपलेला ऐब निघाला तर खरेदीदाराला सौदा मोडून पूर्ण पैसे परत मागता येतात. याला खियार-ए-ऐब म्हणतात. याच्या मुळाशी एक छोटासा दस्तऐवजही सांगितला जातो. अद्दा बिन खालिद यांच्याशी झालेल्या व्यवहाराचा कागद पैगंबरसाहेबांनी लिहवून दिला, त्यात मालाला रोग नाही, खोड नाही असं नमूद होतं. विकणारे कोण आणि घेणारे कोण, यावर बुखारी आणि तिरमिजी यांच्या नोंदी उलटसुलट आहेत. दोन खाजगी माणसांमधलं हे खरेदीखतच म्हणायचं. पण तो ‘माल’ म्हणजे एक गुलाम माणूस होता. बयानात हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. दोष लपवू नये हे शिकवणारा कागद सांगताना त्यातलीच अवघड गोष्ट लपवायची, हे मला पटत नाही.

फिकहमध्ये पुढे यावर बारीक चर्चा झाली. ‘जशी आहे तशी विकतो, कुठल्याही दोषाला मी जबाबदार नाही’ अशी अट घालता येते का? हनफी म्हणतात, येते. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मजहबात ही अट फक्त जनावराच्या आतल्या आणि विकणाऱ्यालाही माहीत नसलेल्या दोषापुरती चालते, कारण जनावराच्या पोटात काय आहे ते धन्यालाही दिसत नाही. धान्य, कापड, घर यांना ती सूट नाही. टेम्पो ट्रॅव्हलरला तर नाहीच.

हे फक्त मदरशाच्या पुस्तकात राहिलं नव्हतं. 1781 च्या कायद्याने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टात मुसलमानांचे आपसातले करार आणि व्यवहार त्यांच्या शरियतीप्रमाणे, हिंदूंचे त्यांच्या शास्त्राप्रमाणे ठरू लागले. 1797 च्या कायद्याने तीच तरतूद मुंबई शहराला लागू झाली. इंग्रज न्यायाधीशांच्या सोयीसाठी चार्ल्स हॅमिल्टनने ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर 1791 मध्ये आणलं होतंच. (शाफई कोकण्यांचा न्याय हनफी पुस्तकातून करण्याची ही रीत हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.) शहराबाहेरच्या मुलखात एल्फिन्स्टनच्या काळातला 1827 चा चौथा रेग्युलेशन चाले. त्यात आधी सरकारी कायदा, तो नसेल तर मुलखाची वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा असा क्रम होता. म्हणजे सुमारे पाऊणशे वर्षं मुंबईतला एखादा मुसलमान व्यापारी खियार-ए-ऐब घेऊन इंग्रजाच्या कोर्टात उभा राहू शकत होता.

1872 मध्ये करार कायदा आला आणि सगळ्यांना एकच नियम लागू झाला. त्याच्या कलम 17 मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. दोष मुद्दाम झाकणं ही फसवणूक, पण नुसतं गप्प राहणं सहसा फसवणूक नाही. कायद्याने उदाहरण घोड्याचं दिलं आहे. घोडा अधू आहे हे मालकाला ठाऊक आहे, तो लिलावात घोडा विकतो आणि काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. मी बीएडला असताना हे वाचलं असतं तर परीक्षेपुरतं पाठ करून विसरलो असतो. आता वाचलं तेव्हा त्या फार्महाऊसवाल्या साहेबांचा चेहरा समोर आला. पुढे 1930 च्या मालविक्री कायद्यानेही दर्जाची आपोआप मिळणारी हमी प्रामुख्याने त्या मालाचा धंदा करणाऱ्याकडूनच दिली. घरची गाडी एकदाच विकणारा गृहस्थ त्यातून सुटतो.

घोड्याच्या उदाहरणांत पुढे एक वाट मात्र ठेवलेली आहे. घेणारा म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो’, आणि मालक गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखंच धरलं जातं. मी घरी येऊन हेच केलं. व्हॉट्सॲपवर लिहिलं, “साहेब, छत गळत नाही आणि खालचा पत्रा सडलेला नाही असं मी धरून चालतो. तसं नसेल तर कृपया कळवा.” दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, “सर, पन्नास हजार कमी करतो.”

त्याहून मोठा ऐब कागदात निघाला. आरसी त्या गृहस्थांच्या नावावर नव्हतीच. पहिल्या मालकाने नमुना 29 आणि 30 वर तारीख न घालता सह्या करून ठेवल्या होत्या आणि त्याच कोऱ्या सह्यांवर गाडी दोन हात फिरली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाही कळवलं तर काय होतं, ते सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात दिसतं. गाडी हातोहात पुढे विकली गेली, मग अपघात झाला, आणि भरपाई नोंदणीवर नाव उरलेल्या पहिल्या मालकावर आली. शिवाय आरसीवर वाहन अजून प्रवासी बस म्हणूनच नोंदलेलं होतं. आतलं घर कागदाला माहीतच नव्हतं, आणि मंजुरीशिवाय असा बदल करायला कलम 52 मनाई करतं.

गंमत अशी की या कागदांवरची भाषा आपलीच आहे. मालक, कब्जा, रक्कम, दस्तऐवज, जामीन, दलाल, बयाणा, नाहरकत. अरबी-फारसीतून हे शब्द मराठीत आले आणि इथलेच झाले. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण बाजारात लोकांच्या तोंडी हेच राहिले. ‘ऐब’सुद्धा राहिला, फक्त तो आता माणसांना लावतात, मालाला क्वचित.

गाडी मी घेतली नाही. पण हा लेख लिहायला बसलो तेव्हा दुसरंच काहीतरी टोचत होतं. सहा वर्षांपूर्वी मी माझी स्कूटर शाळेतल्या एका सहकाऱ्याला अठरा हजारांना विकली. ती ऑईल जाळत होती. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विकायच्या आदल्या दिवशी धुऊन, ऑईल भरून उभी केली होती.

परवा मधल्या सुट्टीत त्याला हे सांगितलं. तो हसला. “सर, मला आठव्या दिवशीच कळलं होतं. रिंग-पिस्टन बदललं, बेचाळीसशे गेले.” मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, “तुम्ही कधी सांगता ते बघत होतो.”

बेचाळीसशे त्याने घेतले. पाकीट मोजूनच घेतलं.